शिमी (मोटारीच्या स्टिअरिंगमधील दोष)

धावत्या मोटारीची पुढची चाके किंगपिनभोवती (ज्या उभ्या खिळीभोवती पुढचे चाक वळते तिच्याभोवती) आपोआप डावी-उजवीकडे थरथरू लागणे म्हणजे शिमी. पहिल्या महायुद्धानंतर गाजलेल्या, खांदे थरथरवण्याच्या एका अमेरिकी नाचावरून हे नाव पडले. थरथर वाढली की चालकाच्या हातात स्टिअरिंग ठरत नाही. १९२०च्या दशकात जड, महागड्या मोटारींना या दोषाने फार छळले.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की तो आला दोन चांगल्या सुधारणांमागून. इस्पानो-सुइझा या मोटार कंपनीच्या १९१९च्या एच-६ मोटारीला पुढच्या चाकांनाही ब्रेक होते. रोल्स-रॉइसने १९२५च्या फँटमला ते इंग्लंडमध्ये दिले. ब्रेकच्या ड्रममुळे (चाकासोबत फिरणाऱ्या डब्यांमुळे) पुढच्या आसाच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकांवर वजन वाढले. त्याच सुमारास कमी हवेचे, मऊ बलून टायर आले.

एकसंध आसाचे एक टोक उंचवट्यावर उचलले गेले की दोन्ही चाके कलतात. फिरता भोवरा कलवायला जावे तर तो काटकोनातल्या दिशेने वळतो. तसेच चाकही किंगपिनभोवती वळते. वळलेले चाक आसाला पुन्हा डोलवते आणि दोन्ही हालचाली एकमेकींना पोसत राहतात. जड टोके आणि मऊ टायर यांमुळे आसाचे डोलणे संथ झाले, इतके की नेहमीच्या वेगात चाकाच्या फेऱ्यांशी त्याचा मेळ बसू लागला. मग चाकाचा तोल किंचित बिघडलेला असला तरी पुरे.

त्यामुळे स्टिअरिंगच्या सांध्यातला ढिलेपणा शोधून सांधा घट्ट करण्याची जुनी रीत अपुरी पडली. आधी दोष कोणता ते ओळखावे लागे. कमी वेगात चाके डगमगतात पण आस फारसा डोलत नाही, अशा वेळी किंगपिनचा मागे झुकलेला कोन, टायरमधली हवा आणि सांध्यांची झीज तपासत; कोन बदलायला कमानपाटे (गाडीचा भार पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि आस यांच्यामध्ये पाचर घालत. जास्त वेगात आसच डोलत असेल तर चाकांचा तोल आणि हादरे शमवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाहत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

शिमीसारखाच भासणारा आणखी एक दोष आहे. कमानपाटे दबताना आस एका कंसात सरकतो, ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) टोक दुसऱ्या. हे कंस जुळले नाहीत तर प्रत्येक खड्ड्यात चाक वळते. याची परीक्षा उभ्या गाडीवरही होते: स्टिअरिंग घट्ट धरायचे, गाडीचा पुढचा भाग दाबायचा आणि चाके वळतात का ते पाहायचे.

तरीही खरी पारख रस्त्यावरच. रोल्स-रॉइसच्या डर्बी येथील प्रायोगिक विभागाचे काम अर्नेस्ट हाइव्ह्ज पाहत. प्रायोगिक गाड्या फ्रान्समध्ये शातोरू परिसरातल्या लांब रस्त्यांवर १०,००० मैल दामटल्या जात. कंपनीचे एक संस्थापक हेन्री रॉइस स्वतः डर्बीपासून दूर, इंग्लंडमधल्याच वेस्ट विटरिंगला राहून आराखड्यांवर काम करीत.

फ्रान्समध्येच जॉर्ज ब्रूलिए यांनी १९२५मध्ये शिमीचे विश्लेषण मांडले. रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतील कारखान्यात काम केलेले मॉरिस ऑली १९३०मध्ये कॅडिलॅककडे गेले. त्यांनी दोषाच्या मुळालाच हात घातला: दोन चाकांना जोडणारा आसच काढला. चाक न कलता वर-खाली होऊ लागल्यावर भोवऱ्याची ती साखळी तुटली. जनरल मोटर्सच्या १९३४च्या गाड्यांवर असे प्रत्येक चाकाचे स्वतंत्र सस्पेन्शन (चाकाला गाडीशी जोडून हादरे झेलणारी रचना) आले आणि १९३६पासून ग्राहकांच्या हाती पडलेल्या रोल्स-रॉइसच्या फँटम-३लाही पुढच्या बाजूला एकसंध आस उरला नव्हता.