शंटची नळी जागेवर नसेल तर : रुग्णाच्या घरच्यांसाठी माहिती

डोक्यात पाणी झालेल्या बाळाला शंट (जादा पाणी पोटात वाहून नेणारी नळी) बसवला आणि नंतर डॉक्टर म्हणाले, नळीचं टोक जागेवर नाही. सुरगाण्याहून, पेठहून अशी चिठ्ठी घेऊन आलेले पालक आमच्या दुकानाच्या काउंटरवर आधी विचारतात, "नवीन सेट कितीला?" आमची विनंती आहे, नेमका कोणता भाग बदलायचा ते डॉक्टरांकडून लिहून आणा. दरवेळी आख्खा सेट लागत नाही.

शंटचे भाग तीन : मेंदूतल्या पोकळीत जाणारी नळी, कातडीखालचा व्हॉल्व्ह (पाण्याचा प्रवाह आवरणारी झडप) आणि पोटात उतरणारी लांब नळी. वरच्या नळीच्या टोकाशी बारीक छिद्रं असतात, ती पाण्यात मोकळी राहायला हवीत. टोक मेंदूच्या गरात रुतलं किंवा पाणी तयार करणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या झुबक्यात अडकलं, की छिद्रं बुजतात. झुबक्यात अडकलेली नळी तशीच ओढली तर आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून काही रुग्णांत कवटीच्या जुन्याच भोकातून बारीक दुर्बीण घालतात, डोळ्यांसमोर नळी सोडवतात आणि पाण्यात नेऊन ठेवतात. पोकळी अरुंद असेल तर सीटी किंवा एमआरआयच्या आधारे संगणक दिशा दाखवतो. त्याला नेव्हिगेशन म्हणतात. पोटाकडचं टोक पोटाच्या भिंतीतच राहिलं असेल, तर ते लहान छेदांतून लॅप्रोस्कोपीने सरळ करता येतं.

शंटला जंतुसंसर्ग झाला असेल तर मात्र ही दुरुस्ती चालत नाही. बहुतेक वेळा सगळा शंट काढून, संसर्ग गेल्यावरच नवा बसवतात. इथे पैसे वाचवायला जाऊ नका.

वारंवार उलट्या, सुस्ती, वाढती डोकेदुखी, बाळाची टाळू फुगणं, डोळे खाली वळणं, ताप किंवा नळीवरची कातडी लाल होणं, यातलं काही दिसलं तर दुकानात येऊ नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मध्यरात्र असली तरी. व्हॉल्व्ह मनाने दाबून पाहू नका.

शंटच्या खोक्यातले स्टिकर जपा. व्हॉल्व्ह कोणत्या दाबाचा, लॉट नंबर काय, हे त्यावरच असतं. एक फाइलला चिकटवा, एकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दाब बाहेरून बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल, तर एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्या. चुंबकाने ते हलू शकतं.

खरेदीआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला) भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसत असेल, तर शंट विकत घ्यायची गरजच पडणार नाही. आमच्याकडून घेतलाच, तर निर्जंतुक पाकीट घरी फोडू नका. ते शस्त्रक्रियागृहातच उघडतात.