फळी आधी बादलीत बुडवून बघा

यंदा मे महिन्यात गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घरापुढे फळ्यांचा डेक करायचे ठरले. जुने बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, आहे तसेच ठेवायचे आणि त्याच्यापुढे पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद जागा, संध्याकाळी खुर्च्या टाकून बसता येईल अशी. नमुन्याचे तीन तुकडे आणले. तिन्हींचे नाव एकच, डब्ल्यूपीसी. तिन्हींचा रंग सागवानी, तिन्हींवर लाकडाच्या रेषा उठवलेल्या. मी ते अंगणातल्या बादलीत टाकले. दोन बुडाले, एक तरंगत राहिला.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचे एकजीव मिश्रण. डेकसाठीच्या फळीत बहुधा पॉलिएथिलीन असते आणि वजनाने निम्मा किंवा त्याहूनही जास्त भुसा. दोन्ही तापवून, दाबून साच्यातून काढलेली ही फळी पाण्यापेक्षा जड असते, म्हणून तिचा भरीव तुकडा बुडतो. तरंगणारा तुकडा पीव्हीसीचा होता. त्यात बारीक बुडबुडे सोडून तो फुगवलेला असतो. न्हाणीघराचे दार, स्वयंपाकघरातली कपाटे यांना तो उत्तम. पण उघड्यावर, खुर्चीचे पाय आणि माणसांचे वजन सोसायला तो केलेला नसतो. दोन्ही वस्तू एकाच नावाने विकल्या जातात आणि गल्लत होते ती इथेच. दुकानदाराला प्लास्टिक कुठले, भुसा किती, हे विचारायला अजिबात संकोचू नये.

आमच्याकडे काम करणारे सुतारमेस्त्री बादलीकडे बघत म्हणाले, “ताई, किंदळाचे लाकूड फुगले तर डोळ्यांना दिसते. ह्या फळीच्या पोटात काय चाललेय ते कळायचे कसे?”

त्यांचा प्रश्न अगदी शास्त्रीय होता. या फळ्या बाजारात आल्या तेव्हा समजूत अशी होती, की भुशाचा कण न् कण प्लास्टिकने गुंडाळला गेल्यावर पाणी आत शिरणारच नाही. पण निम्म्याहून जास्त भुसा असेल तर कण एकमेकांना टेकतात. पृष्ठभागावरचा कण भिजला की तो शेजारच्याला भिजवतो, तो त्याच्या शेजारच्याला. ओल हळू जाते, पण जाते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात अशा फळ्यांची पायवाट केली होती. काही वर्षांतच तिच्यावर लाकूड कुजवणारी बुरशी उगवलेली सापडली आणि १९९८मध्ये ते शोधनिबंधातून प्रसिद्धही झाले. एव्हरग्लेड्स म्हणजे उष्ण, दमट, दलदलीचा मुलूख. थंड हवेत टिकलेल्या फळीपेक्षा तिथल्या फळीचे आपल्या गोव्याशी जास्त नाते आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांवर ओल लागते. चार महिने उन्हाला मुकलेल्या फळीच्या वरच्या थरात तेवढी ओल सहज साठते.

यावर उपाय निघाला तो फळीवर नुसत्या प्लास्टिकचे कवच चढवण्याचा. गाभा आणि कवच साच्यातून एकदमच बाहेर येतात, त्यामुळे ते सोलून निघत नाही. घ्यायची तर अशीच फळी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तुकडा उलटा करून बघा. काही फळ्यांना कवच तीनच बाजूंनी असते, तळ उघडा. आणि कवच चारही बाजूंनी असले तरी करवत फिरली, की कापलेल्या टोकाला भुसा उघडा पडतोच. पोकळ फळीत तर त्या टोकातून पाणी थेट पोटात शिरते. टोकाला टोपी बसवली नाही तर तिथे डासही होतील. म्हणून मी भरीव फळी घेतली. बुडालेले दोन्ही तुकडे आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून मग दोन आठवडे बादलीत ठेवले होते. बिनकवचाच्या तुकड्याचे वजन दर दोन दिवसांनी थोडे थोडे वाढत गेले. एका रात्रीत हे समजत नाही, धीर धरावा लागतो.

पाण्याइतकीच काळजी उन्हाची. सागवानाची तीन मीटर लांबीची फळी ३० अंशांनी तापली तर लांबीत अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. तेवढ्याच तापण्याने डब्ल्यूपीसीची फळी तीन ते पाच मिलिमीटर वाढते, कारण तिच्यातले प्लास्टिक लाकडाच्या कितीतरी पट जास्त पसरते. फळीला फळी भिडवून ठोकली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती पाठ वर काढणार. शिवाय ती लाकडापेक्षा लवचीक असते. तिचा ताठपणा चांगल्या लाकडाच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे खालचे आडवे दांडे जवळजवळ लागतात, एका दांड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ३०० ते ४०० मिलिमीटरवर. या दांड्यांवर पैसे वाचवू नयेत.

गडद रंगाचा मोह मला झाला होता, तो मी आवरला. दुपारच्या उन्हात गडद फळी ६० अंशांच्या वर जाते. तितक्याच तापलेल्या लाकडावर पाय ठेवला तर जेमतेम सोसवते, कारण लाकूड हलके, आतून हवेने भरलेले. ते तळव्याला उष्णता सावकाश देते. डब्ल्यूपीसी दाट असते, ती साठवलेली उष्णता भराभर देते. घरात रांगते मूल असेल तर फिकट रंग घ्या. स्क्रूंचेही असेच. खाऱ्या वाऱ्यात साधा गंजरोधक स्क्रूसुद्धा तांबूस डाग सोडतो. किनाऱ्याजवळच्या घरांनी ३१६ जातीचे स्टेनलेस स्टील मागावे. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि मिठाच्या माऱ्याला ते जास्त काळ तोंड देते.

डेकचे काम निघाले तसा गच्चीचाही विषय निघाला. वरच्या खोलीत रात्री दहा वाजताही छत भट्टीसारखे. याचे कारण आपल्या अक्षांशात आहे. गोवा १५ अंशांच्या थोडे उत्तरेला, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच विरते. पुन्हा तो ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथे येतो, पण तेव्हा ढग असतात. मेमधल्या त्या दिवसांत गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ १००० वॉट ऊर्जा पडते. भिंतींना त्या वेळी ऊन जेमतेम लागते. म्हणून गोव्यात उष्णतारोधक बोर्डाचा पहिला मान छताचा. भिंतींना छज्जा आणि झाड पुरते, खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरात तर नक्कीच.

उष्णतारोधक बोर्ड उष्णता अडवतो तो आतल्या हवेच्या जोरावर. प्लास्टिक किंवा दगडाचे तंतू हवेला फक्त जागेवर बांधून ठेवतात. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक. पाणी तिच्या वीस पटींहून जास्त उष्णता वाहते. बोर्डातल्या हवेची जागा पाण्याने घेतली, की तो बोर्ड कामातून गेला. म्हणजे इथेही प्रश्न तोच, पाणी शिरते कुठून?

थर्माकोल, म्हणजे ईपीएस, मोडून बघा. साबुदाण्यासारखे मणी सुटतात. त्या मण्यांच्या मधल्या फटींतून पाणी झिरपते. एक्सपीएस त्याच पॉलिस्टायरीनचा, पण तो वितळवून सलग पिळून काढलेला असतो. प्रत्येक बुडबुडा चहूबाजूंनी बंद. १९४२मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने तो जीवरक्षक तराफ्यासाठी वापरला, तो या बंद बुडबुड्यांमुळेच. उष्णता अडवण्यात पीआयआर, म्हणजे पॉलिआयसोसायन्युरेट या प्लास्टिकचा फोम, या दोघांहूनही सरस. रॉकवूल तर दगड वितळवून काढलेले तंतू. ते जळत नाहीत, आवाजही छान अडवतात, पण भिजले की जड होऊन बसतात. ते कोरड्या आतल्या भिंतीत घालावेत. आपल्या गच्चीवर मी एक्सपीएसच घालीन.

किती जाडीचा, याचा हिशेब मला फार आवडला. उघड्या १५० मिलिमीटरच्या स्लॅबमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला साधारण साडेतीन वॉट उष्णता आत येते. २५ मिलिमीटर एक्सपीएस घातला की ०.९. आणखी २५ घातला की ०.५. म्हणजे पहिल्या इंचाने जवळजवळ तीन चतुर्थांश काम केले आणि दुसऱ्याने उरल्यातले थोडे. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्र सरकारच्या २०१८च्या इको-निवास संहितेत घराच्या छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. विक्रेता जाड बोर्डाचा आग्रह धरील तेव्हा हे आकडे जवळ असू द्या.

बोर्ड बसवायचा स्लॅबच्या वर. आधी जलरोधक थर, त्यावर बोर्ड, त्यावर कोबा किंवा फिकट फरशी. उघडा ठेवला तर ऊन त्याचा भुगा करते. खालून छताला चिकटवला तर स्लॅब दिवसभर तापतोच, नुसती आपल्याला त्याची झळ कमी लागते. ज्यांनी गळतीला कंटाळून गच्चीवर पत्र्याचे छप्पर घातले आहे, त्यांच्या स्लॅबला सावली आहेच. त्यांना त्रास होतो तो तापलेल्या पत्र्यातून खाली येणाऱ्या उष्ण किरणांचा. तिथे बोर्डापेक्षा पत्र्याखाली लावलेला चकचकीत ॲल्युमिनियमचा पापुद्रा स्वस्तात काम करतो. अट एवढीच, की त्याच्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा हवी. तो कशालाही चिकटला की उपयोग संपला.

एअर कंडिशनर लावणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. थंड देशांतल्या माहितीपत्रकांत बाष्परोधक पापुद्रा खोलीच्या बाजूला लावायला सांगतात. तिथे ऊब आणि बाष्प आत असते. आपल्याकडे उलटे. बाहेर ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतले बाष्प सुमारे २७ अंशांवरच दवासारखे सुटू लागते. खोली २२ अंशांवर ठेवली, की बाहेरून झिरपणारी दमट हवा आतल्या गार थरापाशी पाणी सोडते आणि आतला पापुद्रा ते पाणी तिथेच कोंडून ठेवतो. मग रंगामागून काळी बुरशी उमटते. आपल्याकडे पापुद्रा बाहेरच्या बाजूला.

आगीचा विचारही करायलाच हवा. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे दगावली. तिथे बाहेरच्या आवरणाच्या पत्र्यांत पॉलिएथिलीनचा गाभा होता आणि त्यामागे फोमचे बोर्ड. ईपीएस आणि एक्सपीएसही जळतात, वितळून थेंब पडतात, काळा धूर होतो. कोब्याखाली झाकलेला बोर्ड वेगळा आणि स्वयंपाकघराच्या छताला उघडा चिकटवलेला वेगळा. दुसरा प्रकार कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. वाळवीला फोम पचत नाही, पण ती त्यातून बोगदे काढून वरच्या लाकडापर्यंत पोचते. म्हणून जमिनीला टेकणारा बोर्ड नजरेआड असू नये.

गच्चीचे काम आता दिवाळीनंतर. डेक मात्र होत आलाय. खालचा कोबा मेस्त्रींनी अंगणाकडे उतरता केला आहे आणि फळ्यांमध्ये सहा मिलिमीटरच्या फटी ठेवल्या आहेत. कडेच्या दोन फळ्या अजून ठोकलेल्या नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात आत डोकावून पाणी कुठे तुंबते ते बघायचे, आणि मगच त्या बसवायच्या असे आमचे ठरले आहे.