सिकलसेलच्या मुलांना अर्धांगवायू का होतो? एका शोधाची पार्श्वभूमी

सिकलसेल ॲनिमियात मूल वरवर ठीक दिसत असतानाच त्याची एक बाजू लुळी पडू शकते. प्रतिबंधाचा उपाय हाती येण्यापूर्वी अमेरिकेत झालेल्या मोठ्या पाहणीत या आजाराच्या ११ टक्के रुग्णांना विसाव्या वर्षापर्यंत स्ट्रोक होऊन गेलेला आढळला. सर्वाधिक प्रमाण २ ते ५ वर्षांच्या मुलांमध्ये होते. आज यातले बहुतेक झटके टाळता येतात, कारण बिघाड नेमका कोणत्या रक्तवाहिन्यांत आहे हे कळले. ते कळायला मात्र साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

१९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दंतवैद्यक शिकणाऱ्या एका तरुणाच्या रक्तातील लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९२३ मध्ये सिडनस्ट्रिकर आणि सहकाऱ्यांनी या आजाराच्या एका मुलाला अर्धांगवायू झाल्याचे लिहिले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांच्या गटाने विद्युतक्षेत्रात हे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकते हे दाखवले आणि दोष रेणूतच असल्याचे सिद्ध केले. पुढे व्हर्नन इंग्राम यांनी तो दोष नेमका शोधला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. एवढ्या एका बदलामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते आणि पेशी ताठरते.

यावरून निघणारा निष्कर्ष सरळ वाटत होता. ताठ पेशी केशवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे हाडे दुखतात, प्लीहा निकामी होते. मेंदूतही तेच होत असणार. हा समज खोलवर रुजला होता. तपासणीही सोपी नव्हती, कारण अँजिओग्राफीच्या रंगद्रव्यामुळे पेशी आणखी वाकतील अशी भीती असे. म्हणून आधी रक्त बदलून मगच ती करण्याची पद्धत पडली. १९७२ मध्ये स्टॉकमन आणि सहकाऱ्यांनी स्ट्रोक झालेल्या मुलांच्या अँजिओग्राफीचे निष्कर्ष छापले, तेव्हा अडथळा मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांत दिसला: अंतर्गत कॅरोटिडचा (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमनीचा) कवटीतला शेवटचा भाग आणि तिथून फुटणाऱ्या मधल्या व पुढच्या धमन्यांचा सुरुवातीचा टप्पा. शवविच्छेदनात या धमन्यांचे आतले अस्तर जाड झालेले, स्नायूपेशी वाढलेल्या आणि वर गुठळी साचलेली आढळली.

या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथे आहे. पेशी अडकणे हा क्षणाचा खेळ असतो, त्याची आगाऊ चाहूल लागत नाही. धमनीचे अस्तर जाड व्हायला महिने-वर्षे जातात, म्हणजेच झटक्याआधी ते शोधायला वेळ मिळतो. अस्तर का वाढते याची साखळी अजून पूर्ण जुळलेली नाही. फुटलेल्या पेशींतून सुटलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे धमनी सैलावू शकत नाही. पेशी अस्तराला चिकटतात. ॲनिमियामुळे रक्त मुळातच वेगाने धावते. या तिन्हींचा वाटा आहे असे मानले जाते.

सत्तरच्या दशकात एकदा झटका आलेल्या मुलांना नियमित रक्त चढवायला सुरुवात झाली. उपचाराविना अशा मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांना पुन्हा स्ट्रोक होई, तोही बहुधा दोन-तीन वर्षांत. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त देऊन हिमोग्लोबिन एसचे (म्हणजे सिकलसेलच्या सदोष हिमोग्लोबिनचे) प्रमाण ३० टक्क्यांखाली ठेवले की हा धोका खूप घटे. इथे घाई अंगाशी येते: हिमोग्लोबिन एस जास्त असताना एकूण हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तामागे १०-११ ग्रॅमच्या वर नेले, तर रक्त दाट होऊन उलट स्ट्रोकच ओढवू शकतो. अशा वेळी जुने रक्त काढत नवे देणे सुरक्षित.

पण पहिला झटका कसा रोखायचा? त्याचे साधन दुसऱ्याच कामातून आले. १९८२ मध्ये रुन आस्लिड आणि सहकाऱ्यांनी २ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी कानपटीच्या पातळ हाडातून आत सोडून मेंदूच्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजला; हीच डॉपलर तपासणी. तेवढेच रक्त अरुंद जागेतून जायचे तर वेग वाढणारच. जॉर्जियातील ऑगस्टाचे रॉबर्ट ॲडम्स यांनी हे तंत्र सिकलसेलच्या मुलांवर वापरले आणि १९९२ मध्ये दाखवले की जास्त वेग असलेल्या मुलांना पुढे स्ट्रोकचा धोका कितीतरी जास्त असतो. निरोगी मुलांत मधल्या धमनीतला सरासरी वेग सेकंदाला ९० सेंटिमीटरच्या आसपास असतो. सिकलसेलमध्ये ॲनिमियामुळेच तो १३० च्या घरात जातो. १७० पेक्षा कमी सामान्य, १७० ते १९९ सीमेवरचा, २०० आणि त्यापुढे धोक्याचा, अशी वर्गवारी ठरली.

तपासणी सोपी दिसते, पण चुकायला जागा पुष्कळ. प्रोब (ध्वनिलहरी सोडणारी कांडी) कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वर धरून धमनीचा माग दर २ मिलिमीटरला घ्यावा लागतो. मधली एखादी जागा सुटली तर सर्वांत वेगवान ठिकाणच हातून निसटते. मूल जागे आणि शांत हवे. झोपेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि वेग फुगतो, तापातही फुगतो. नुकतेच रक्त चढवले असेल तर तो कमी दिसतो. वरील आकडे पडद्यावर दिसणाऱ्या वेगाच्या लाटेच्या वरच्या कडेच्या सरासरीचे आहेत, ठोक्याच्या शिखराचे नाहीत. अहवालात शिखराचा आकडा घातला की निरोगी मूलही धोक्यात दिसते. चित्र दाखवणाऱ्या यंत्रांवर वेग थोडा कमी येतो, म्हणून तिथे मर्यादा खाली घ्यावी लागते. आणि वेग फारच कमी आला, तर निश्चिंत होऊ नये; धमनी जवळजवळ बंद झाली असली तरी असेच दिसते.

‘स्टॉप’ चाचणीत दोनदा २०० किंवा अधिक वेग आलेली १३० मुले घेतली. नेहमीचे उपचार मिळालेल्या ६७ पैकी ११ मुलांना स्ट्रोक झाला, नियमित रक्त मिळालेल्या ६३ पैकी एकाला. फरक इतका स्पष्ट होता की १९९७ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवली. निष्कर्ष १९९८ मध्ये छापले गेले. तेव्हापासून २ ते १६ वर्षांच्या मुलांची दरवर्षी डॉपलर तपासणी हा नियम झाला.

रक्त किती वर्षे द्यायचे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. ‘स्टॉप २’मध्ये वेग सामान्य झालेल्या ४१ मुलांचे रक्त बंद केले, १४ जणांचा वेग पुन्हा चढला, दोघांना स्ट्रोक झाला. चालू ठेवलेल्या ३८ पैकी एकालाही यातले काही झाले नाही. पण रक्ताच्या प्रत्येक पिशवीसोबत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि शरीर दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम बाहेर टाकते. उरलेले यकृत आणि हृदयात साचते, ते काढायला वेगळे औषध लागते.

हायड्रॉक्सियुरिया या गोळीने रुग्णाच्या रक्तात गर्भावस्थेतल्या प्रकारचे, पेशी न वाकवणारे हिमोग्लोबिन वाढते, म्हणून तिच्याकडे लक्ष वळले. आधीच स्ट्रोक झालेल्यांत ती रक्ताची जागा घेऊ शकली नाही: २०१२ च्या चाचणीत गोळीच्या गटात ७ स्ट्रोक झाले, रक्ताच्या गटात एकही नाही. मात्र फक्त वेग वाढलेल्या, निदान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि धमन्या फार अरुंद न झालेल्या मुलांत २०१६ च्या ‘ट्विच’ चाचणीत ती रक्ताइतकीच कामाला आली. हा फरक लक्षात न घेता रक्त बंद करणे धोक्याचे आहे. नायजेरियात दर महिन्याला सुरक्षित रक्त मिळणे बहुतेकांच्या आवाक्यात नाही; तिथल्या ‘स्प्रिंग’ चाचणीत वेग वाढलेल्या २२० मुलांना सुरुवातीपासून हीच गोळी दिली. रोज किलोमागे १० मिलिग्रॅम आणि २० मिलिग्रॅम या दोन मात्रांमध्ये स्ट्रोकच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

डॉपलरला न दिसणारे नुकसान मात्र उरतेच. मेंदूतले लहान, लक्षणाविना झालेले इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेले भाग) फक्त एमआरआयवर कळतात. वेग सामान्य असलेल्या मुलांतही ते आढळतात आणि अभ्यासातली घसरण हीच त्यांची एकमेव खूण असू शकते. २०१४ च्या चाचणीत अशा १९६ मुलांपैकी नियमित रक्त मिळालेल्यांत नवे इन्फार्क्ट किंवा स्ट्रोक ६ टक्क्यांना झाले, बाकीच्यांत १४ टक्क्यांना.