इमोजींच्या जोड्या : मराठवाड्यातील वापर आणि अर्थ

मोबाइलवरच्या गप्पांत दोन किंवा अधिक इमोजी एकापुढे एक ठेवून केलेल्या संदेशाला इमोजींची जोडी म्हणता येईल. एकट्या इमोजीचा अर्थ सैल असतो आणि शेजारचे चिन्ह तो आवळून धरते. 💐 हा नुसता पुष्पगुच्छ आहे. 🎂💐 म्हणजे वाढदिवस, आणि 💐🙏 म्हणजे बहुतेक वेळा श्रद्धांजली. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठ जिल्ह्यांत गावाचे, भावकीचे, दहावीच्या बॅचचे आणि शेतमालाच्या भावांचे ग्रुप या जोड्यांवर रोज चालतात. त्यांचा अर्थ ऋतू, सण, नाते आणि पाठवणाऱ्याचे वय पाहून लावावा लागतो. म्हणून इमोजींच्या अर्थांच्या बाहेरच्या याद्या पाठ करून इथले संदेश नीट वाचता येत नाहीत.

पूर्वपीठिका

विरामचिन्हांतून हसरा चेहरा करण्याची कल्पना स्कॉट फाल्मन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठात मांडली. जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी एनटीटी डोकोमो या कंपनीसाठी १९९९ मध्ये १७६ चित्रांचा संच केला. त्यातले प्रत्येक चित्र १२ गुणिले १२ ठिपक्यांत बसवलेले होते. २०१० मध्ये युनिकोड या जगभरच्या अक्षर-क्रमांकांच्या मानकाच्या ६.० आवृत्तीत इमोजींना अक्षरांसारखे कायमचे क्रमांक मिळाले आणि एका कंपनीच्या फोनवरचे चित्र दुसऱ्या कंपनीच्या फोनवर पोचू लागले. व्हॉट्सॲपने मे २०२२ मध्ये संदेशावर थेट इमोजी डकवण्याची सोय दिली. तेव्हा निवडायला सहाच चिन्हे होती : 👍 ❤️ 😂 😮 😢 🙏. या सहांत जोडलेले हात होते, त्यामुळे आपल्याकडच्या ज्येष्ठांना ही सोय परकी वाटली नाही.

जोडणीचे दोन प्रकार

पहिला प्रकार यंत्राच्या पोटातला. शेतकऱ्याचे 👨‍🌾 हे चित्र एकसंध दिसते, पण ते माणूस आणि धानाची पेंढी या दोन चिन्हांमध्ये एक अदृश्य जोडक घालून तयार होते. गंमत अशी की ‘शेतकऱ्या’ मधला अर्धा र उमटवायलाही काही कळफलकांवर हाच जोडक वापरतात. फोन जुना असला तर जोडक निकामी ठरतो आणि माणूस व पेंढी सुटी दिसतात. तिरंग्याचे चित्रही असेच, आय आणि एन या दोन खास अक्षरचिन्हांच्या जोडीतून उमटते.

दुसरा प्रकार माणसांनी केलेला, आणि ही नोंद त्याविषयी आहे. यात कुठलाही जोडक नसतो, केवळ शेजार असतो. सर्वाधिक आढळणारी रीत म्हणजे एकच चिन्ह पुन्हा पुन्हा ठेवणे : 🙏🙏🙏, 😂😂😂, 🔥🔥. लॉरेन गॉन आणि ग्रेचेन मॅककुलोक या भाषाभ्यासकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या विवेचनात इमोजींना शब्दांऐवजी हातवाऱ्यांच्या जवळचे मानले आहे. हे म्हणणे इथल्या वापराला चपखल बसते. पारावर बोलताना माणूस वाक्य संपवून हात हलवतो, तशी ‘हौ, येतो की उद्या’ असे लिहून झाल्यावर शेवटी 👍😊 येते. वाक्याच्या मध्ये इमोजी क्वचितच शिरते.

पुनरावृत्तीला एक मर्यादा पाळली पाहिजे. दृष्टिहीन व्यक्तींच्या फोनमधील वाचक-प्रणाली इमोजीचे नाव उच्चारते. युनिकोडच्या भाषाविषयक सामग्रीत मराठी नावेही दिलेली आहेत. वीस वेळा जोडलेले हात पाठवले तर काही प्रणाली ते नाव वीस वेळा ऐकवतात आणि मूळ निरोप त्याखाली दबून जातो.

वाढदिवस, निधन आणि मान

सगळ्यात जपून वाचाव्या लागणाऱ्या जोड्या सुखदुःखाच्या आहेत. गावाच्या ग्रुपवर एकाच सकाळी कुणाचा वाढदिवस आणि कुणाच्या निधनाची बातमी असे दोन्ही पडते. त्यानंतर कुणी नुसते 💐💐💐 पाठवले तर ते नेमके कशाला, हे कळायला मार्ग नसतो. घरात माणूस गेलेल्यांना असा घोळ लागतो, तो सहज विसरला जात नाही. म्हणून निधनाच्या बातमीखाली 💐🙏 च्या आधी निदान ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढे दोन शब्द लिहिणे, किंवा त्याच संदेशाला जोडून उत्तर देणे, हीच योग्य रीत मानावी. 😢🙏 ही जोडी जवळच्या माणसाची, तर 💐🙏 ही ओळखीतल्याची, असा एक बारीक फरकही जाणवतो. संभाजीनगर, परभणी, नांदेड या शहरांत मित्रमंडळी मिश्र असतात. तिथे मुस्लिम मित्राच्या घरच्या दुःखात 🤲 हे दुआचे चिन्ह पाठवणारे हिंदू मित्र आणि हिंदू घरी 🙏 पाठवणारे मुस्लिम मित्र दोन्ही भेटतात. ओंजळीचे हे चिन्ह २०१७ पासून युनिकोडमध्ये आहे.

मान राखण्याचे गणितही जोडीतच दिसते. काकांनी, मामांनी किंवा गुरुजींनी काही कळवले आणि पुतण्याने नुसता 👍 टाकला, तर ते तुटक वाटते. 👍🙏 किंवा ‘हो काका 🙏’ असे लिहिले की त्यात अदब येते. मित्राला मात्र 🙏 पाठवले तर अर्थ उलटतो. ‘बस कर बाबा, हात जोडतो तुला’ हे सांगायला 😂🙏 पुरते. सासरच्या ग्रुपवर नवी सून सहसा 😊🙏 च्या पलीकडे जात नाही, आणि तीच माहेरच्या बहिणींच्या ग्रुपवर 🤣🤣 चा पाऊस पाडते. एकाच हाताने, एकाच दुपारी लिहिलेल्या या दोन भाषा असतात.

झेंडे, रंग आणि १४ जानेवारी

🚩 हे युनिकोडच्या यादीत खांबावरचे त्रिकोणी निशाण आहे. इंग्रजीतून बोलणाऱ्या तरुणांत ते माणसातले धोक्याचे लक्षण दाखवते. ‘तो उशिरा उत्तर देतो 🚩’ म्हणजे त्याच्यापासून सावध राहा. महाराष्ट्रात हीच आकृती भगवा म्हणून वाचली जाते. ‘जय शिवराय 🚩’ मध्ये ती अभिमानाची असते, आणि ‘राम कृष्ण हरी 🚩🙏’ मध्ये वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका होते. आषाढीच्या आधी पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा 🚩🚶‍♂️🙏 अशा रांगा दिसतात. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलीने मैत्रिणीला पाठवलेला 🚩 आणि तिच्याच आजोबांनी पाठवलेला 🚩 यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

💙 बाहेरच्या याद्यांत मैत्रीचे किंवा शांत जिव्हाळ्याचे हृदय म्हणून दिलेले असते. मराठवाड्यात ‘जय भीम 💙🙏’ या जोडीत ते निळ्या झेंड्याचे वजन घेऊन येते, आणि ते वजन इथे फार मोठे आहे. बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळावे यासाठी दीर्घ लढा झाला, माणसांनी जीव गमावले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या लढ्याची आठवण असलेल्या घरात 💙 ला नुसता आवडता रंग समजणे हा वाचनाचा मोठा दोष ठरेल.

बहुतेक वर्षी मकर संक्रांतही १४ जानेवारीलाच येते. पतंगाचे 🪁 हे चिन्ह २०१९ मध्ये आले. तिळगुळाला चिन्ह नाही, म्हणून त्याच्या जागी 🍬 वापरतात. त्या दिवशी एकाच ग्रुपवर 🪁🍬 आणि 💙🙏 शेजारी शेजारी उतरतात. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, 🇮🇳🙏 पाठवतात. उरलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला पंधरा ऑगस्ट उलटून महिना झाल्यावर तिरंगा कशाला, असा प्रश्न पडू शकतो. हैदराबाद संस्थान भारतात आले ते १९४८ च्या या दिवशी, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो पडत नाही. नांदेडच्या हुजूर साहिबमुळे शीख वस्ती असलेल्या शहरात २०२२ मध्ये आलेले 🪯 हे खंडा या शीख धर्मचिन्हाचे चित्रही 🙏 सोबत वापरता येऊ लागले.

पीक, पाऊस आणि शेतातले जेवण

इमोजींच्या संचात ज्वारी नाही, तूर नाही, सीताफळ नाही आणि जालन्याची मोसंबीही नाही. 🌾 ही अधिकृतरीत्या भाताची पेंढी आहे. मराठवाड्यात ती ज्वारी, गहू आणि एकूण शेती या सगळ्यांसाठी राबते. थंडीत 🌾🔥 आणि पुढे रविवारची वेळ आली, की हुरड्याचा बेत समजावा. उन्हाळ्यात तीच जोडी कडब्याच्या गंजीला आग लागल्याची असू शकते, आणि तेव्हा पुढे बहुधा 😢 असते. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या, बोलीत येळवस, साजरी होते. शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा मांडतात, भज्जी, उंडे आणि आंबील असा बेत असतो. यांपैकी एकाही पदार्थाचे चित्र उपलब्ध नाही. लोक 🛖🍲🏺 वर भागवतात : कोप, भज्जी आणि आंबिलीची बिंदगी. ‘येळवसला या 🛖🍲’ हे निमंत्रण त्या भागाबाहेरच्या माणसाला झोपडीतल्या सूपासारखे दिसेल. लातूरकराला ते वाचताच भूक लागते.

पावसाच्या जोड्यांत तर वर्षाचे सगळे हेलकावे सापडतात. मृगात 🌧️🙏 म्हणजे पेरणीसाठी घातलेले साकडे. जुलैत पावसाने ओढ दिली की ☀️😔. सोयाबीन काढणीला आल्यावर 🌧️😭 म्हणजे शेतात पाणी आणि शेंगांना कोंब. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत शेतकरी कुटुंबांसाठी हे शब्दशः रडणे होते. जायकवाडीचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ 🌊🙏 सह येतो तेव्हा नाथसागर भरल्याचे समाधान त्यात असते. खाली गोदाकाठी राहणारा माणूस मात्र त्याच 🌊 पुढे ⚠️ ठेवून तो पुढे पाठवतो.

वयाची दरी

इथेच सर्वांत धोक्याचा गैरसमज होतो. महाविद्यालयीन मुलांच्या गप्पांत 😭 आणि 💀 ही हसण्याची चिन्हे झाली आहेत. ‘सरांनी पकडलं 😭💀’ म्हणजे हसून मेलो. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ चा शब्द म्हणून निवडलेले 😂 या मुलांना आता आईवडिलांचे वाटते. त्यामुळे शेतातल्या नुकसानीचा फोटो 🌧️😭 सह आला आणि शहरातल्या भाच्याने सवयीने 😭😭 उत्तर दिले, तर मामा ते सहानुभूती म्हणून घेतील. त्याच भाच्याने 💀 टाकले तर घरात फोन होतील. 👀 म्हणजे ‘बघतोय मी, पुढे सांग’. 🤡 म्हणजे स्वतःची किंवा दुसऱ्याची फजिती. 🫡 म्हणजे ‘हो दादा, झालंच समजा’. ‘भावा 🔥👑’ ही कौतुकाची जोडी नेत्यांच्या वाढदिवसापासून कुस्तीच्या निकालापर्यंत सर्वत्र चालते, म्हणून तिचे वजन कमी झाले आहे. 🍆 चा अश्लील अर्थ तरुणांत रुळलेला आहे, पण भाजीच्या भावाच्या ग्रुपवर ते वांगेच असते आणि तिथे ते तसेच वाचावे.

व्यवहार आणि कायदा

👍 चा प्रश्न पैशापर्यंत जातो. कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदीदाराने २०२१ मध्ये जवसाच्या कराराचे छायाचित्र शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवले. शेतकऱ्याने 👍 उत्तर दिले आणि पुढे माल दिला नाही. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने हा अंगठा कराराची मान्यता धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. दोघांमधले आधीचे सौदेही अशाच एकदोन शब्दांच्या होकारावर झाले होते, हे न्यायालयाने लक्षात घेतले. भारतात मद्रास उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये उलट बाजूचे प्रकरण आले. एका अधिकाऱ्याच्या हत्येविषयीच्या संदेशाला रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने 👍 दिला म्हणून त्याला कामावरून काढले होते. संदेश पाहिला एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, तो हत्येचा आनंद मानता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. एकाच चिन्हाचे हे दोन वेगळे अर्थ न्यायालयांनी लावले.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला, एवढ्याच कारणाने तो अमान्य ठरत नाही. आडत्याने सोयाबीनचा भाव ग्रुपवर टाकला आणि खाली शेतकऱ्याचा 👍 पडला, तर तो ‘भाव पाहिला’ आहे की ‘या भावाने माल दिला’ आहे, हे दोघांना वेगवेगळे वाटू शकते. अशा ठिकाणी ‘भाव पाहिला, उद्या सांगतो’ किंवा ‘या भावाने दहा क्विंटल देतो’ असे शब्दांत लिहावे आणि अंगठा त्यानंतर ठेवावा.