बाळाला काय दाखवावं, कोणत्या वयात आणि किती वेळ

पाळणा संचासोबतचं माहितीपत्रक. घरातल्या सगळ्यांनी वाचावं, विशेषतः बाळाला जास्त वेळ सांभाळणाऱ्या आजीने.

संचात १२ काळी-पांढरी कार्डं, एक कापडी चिमणाळं (पाळण्यावर टांगायच्या चिमण्या), लाल खणाचे दोन तुकडे आणि सीलबंद पाकिटात चित्रफितींचा एक पेनड्राइव्ह आहे. पाकिटावर ‘दुसऱ्या वाढदिवसानंतर उघडा’ असं छापलंय, ते कृपया पाळा. दुकानात सगळ्यात आधी चौकशी होते ती पेनड्राइव्हचीच. मोबाइलवर रंगीत ठिपक्यांचा व्हिडिओ लावला की महिन्याचं लेकरू टक लावून बघतं, रडायचं थांबतं. मग तो त्याच्या मेंदूला चांगलाच असणार, असं घरच्यांना वाटतं. ते तसं का नाही, हे आधी सांगतो.

टक लागते ती का

पहिल्या तीन महिन्यांत बाळाची नजर चमकत्या, हलत्या वस्तूवर चिकटते आणि तिथून सोडवून घेणं त्याला जमत नाही. नजर हवी तेव्हा वळवण्याचं काम मेंदूचा जो भाग करतो, तो साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कामाला लागतो. तोवर बाळ पडद्याकडे बघतं ते सुटता येत नाही म्हणून. कार्ड धरलेलं असलं तर तुम्ही ते बाजूला करता, पण मोबाइल स्वतःहून बाजूला होत नाही. वीस मिनिटं ‘शांत’ राहिलेलं बाळ नंतर विनाकारण किरकिरतं, दूध नीट ओढत नाही, झोपेला त्रास देतं. घरचे म्हणतात दृष्ट लागली. ते दमलेलं असतं.

दुसरी गोष्ट शिकण्याची. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा १२ वेळा ऐकवली. काहींसमोर बाई प्रत्यक्ष बसून खेळली-बोलली, काहींना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष बाई मिळालेली बाळं चिनी ध्वनींमधला फरक ओळखायला शिकली. पडद्यावाल्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. बाळ हुंकारलं की समोरचं माणूस थांबतं, हसतं, उत्तर देतं. व्हिडिओ आपला चालतच राहतो.

म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स, दोन वर्षांखाली कोणताही पडदा नको म्हणते. सूट फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी हीच एक तासाची मर्यादा घातली. आमचा संच याच हिशोबाने बांधला आहे.

जन्मापासून तीन महिने: कार्डं

नवजात बाळाला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते २० ते ३० सेंटीमीटरवरचं. वीतभर आणि वर चार बोटं, असं माप धरा. दूध पिताना बाळापासून आईचा चेहरा साधारण एवढ्याच अंतरावर असतो. या अंतरावरून त्याला सुमारे अर्धा सेंटीमीटर रुंदीचे पट्टे वेगळे दिसतात, त्याहून बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. मोबाइलवरच्या कार्टूनच्या डोळ्या-तोंडाच्या रेघा मिलिमीटरभराच्या असतात, म्हणजे तुम्हाला दिसणारं चित्र त्याला दिसतच नाही. दिसतो तो नुसता हलता उजेड. कार्डांवरचे पट्टे आणि चौकटी म्हणूनच तीन-तीन सेंटीमीटरच्या आहेत.

वेळ निवडणं हे निम्मं काम. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, दूध पिऊन अर्धा तास झालेला, डोळे उघडे आणि हातपाय संथ. तेल लावून अंघोळ झाल्यावर लगेच नको. तेव्हा बाळाला झोप हवी असते. खिडकीचा उजेड कार्डावर पडू द्या, बाळाच्या डोळ्यांवर नको. कार्ड वीत-चार बोटांवर स्थिर धरा. नजर बसायला पाच-दहा सेकंद लागतात. बसली की कार्ड तळहातभर एका बाजूला, अगदी सावकाश सरकवा. नजर सुटली तर तुम्ही घाई केली. परत मध्ये आणून थांबा. पहिल्या महिन्यात एका वेळी एक कार्ड, मिनिट-दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. एवढं पुरे.

बाळाने तोंड फिरवलं, जांभई दिली, उचकी लागली, बोटं फाकवली, पाठ ताणली, की कार्ड खाली ठेवा. ‘अजून एक दाखवू’ म्हणून चेहऱ्यासमोर कार्ड नेत राहणं ही नेहमी होणारी चूक आहे. तोंड फिरवून ते ‘बस्स’ म्हणत असतं, आणि त्याचं ऐकलं तर उद्या ते जास्त वेळ बघेल.

कार्डं चकचकीत लॅमिनेशनची नाहीत, कारण त्यात बल्ब दिसतो आणि बाळ चित्र सोडून त्या ठिपक्याकडे बघतं. एखादं हरवलं तर घरी करा: १५ बाय १५ सेंटीमीटरचा पांढरा जाड पुठ्ठा, त्यावर काळ्या कार्डशीटच्या तीन सेंटीमीटर रुंद पट्ट्या खळीने चिकटवा, कोपरे गोल कापा. स्टेपलरची पिन, टाचणी, चमकी नको. झेरॉक्स काढून चालेल, पण काळा करडा यायला नको.

चिमणाळ्याबद्दल एक गोष्ट बाजारातल्या बहुतेक चिमणाळ्यांत चुकते. चिमण्या बाजूने सुंदर दिसतात, उभ्या माणसाला. खाली निजलेल्या बाळाला दिसतं त्यांचं पोट, आणि ते बहुधा कोरं असतं. आमच्या चिमण्यांची नक्षी पोटावर आहे. शिवाय पहिले काही आठवडे बाळ मान एका बाजूला, बहुधा उजवीकडे, टाकून निजतं. म्हणून चिमणाळं बरोबर डोक्यावर न टांगता बाळ ज्या बाजूला बघतं तिकडे, ३० सेंटीमीटरवर टांगा, आणि आठवड्याने बाजू बदला. बाळ पालथं पडून हातांवर छाती उचलू लागलं की, किंवा पाच महिने झाले की, जे आधी होईल तेव्हा ते काढून ठेवा. दोरी गळ्यात अडकण्याचा धोका तिथून सुरू होतो.

साडीच्या झोळीत बाळ छान झोपतं, पण जागेपणी त्याला तिथून कापडाशिवाय काही दिसत नाही. जागं झालं की वाकळेवर घ्या. रोज थोडा वेळ पालथं घालून समोर कार्ड उभं करा. सुरुवातीला एका वेळी दोन-तीन मिनिटं, पुढे वाढवत दिवसभरात मिळून अर्ध्या तासापर्यंत. पालथं असताना शेजारून उठू नका.

काजळ डोळ्यांत घालू नये. त्यात शिसं असू शकतं आणि बोटामुळे जंतू जातात. तीट लावायचीच असेल तर कानामागे लावा.

तीन ते बारा महिने: रंग, हात, तोंड

दुसऱ्या महिन्याच्या सुमारास लाल रंग ओळखू येतो, चौथ्यापर्यंत बहुतेक रंग. लाल खणाचा तुकडा तोवर पुढे आणायचा: आधी नुसता दाखवा, चौथ्या महिन्यापासून हातात द्या. आता नुसतं बघण्यापेक्षा धरणं आणि तोंडात घालणं मोठं. स्टीलची वाटी, लाकडी चमचा, ज्वारीचे दाणे भरून झाकण पक्कं बंद केलेली बाटली. झाकण रोज तपासा. सव्वातीन सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून आरपार जाईल अशी कोणतीही वस्तू हातात नको. आठव्या महिन्याच्या आसपास झाकलेली वस्तू शोधण्याचा खेळ सुरू होतो. वाटीखाली चमचा लपवा, पदराआडून ‘भोऽक’ करा.

बॅटरीवर वाजणारं-चमकणारं खेळणं कुणी भेट दिलं तर आधी आयएसआय खूण पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ती खेळण्यांवर सक्तीची आहे. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं बाळाला देऊ नका. बटणासारखा चपटा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी होईल का याची वाट बघत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

उष्टावण झालं की बऱ्याच घरांत मोबाइल जेवणाच्या ताटाशेजारी येतो. व्हिडिओ लागला की तोंड उघडतं, आजी घास भरते, वाटी रिकामी होते, सगळे खूश. पण बाळाला चव कळत नाही, पोट भरल्याचं कळत नाही, घास गालात साठतो, आणि वर्षाच्या आत मोबाइल नसला की तोंड उघडत नाही अशी वेळ येते. सवय लागलेली असेल तर एका दिवसात हिसकावू नका. पहिले तीन दिवस आवाज बंद. पुढचे तीन दिवस व्हिडिओऐवजी घरातल्या माणसांचे, शेळी-गाईचे स्थिर फोटो. मग फोन दुसऱ्या खोलीत, आणि बाळाच्या हातात त्याची स्वतःची वाटी-चमचा. ज्वारीच्या कण्या किंवा मऊ वरण-भात त्याला बोटांनी चिवडू द्या. आठवडाभर कमी खाईल, सांडेल खूप. निरोगी बाळ भूक लागली की खातं. मात्र वजन घटतंय किंवा बाळ मलूल वाटलं तर डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळी मालिका चालू असताना बाळ टीव्हीकडे पाठ करून खेळत असेल तरी फरक पडतो. मागे टीव्ही चालू असला की मोठी माणसं बाळाशी कमी बोलतात आणि बाळाचा खेळ मध्येच तुटतो. एक मालिका ठरवून बघा, संपली की टीव्ही बंद करा.

व्हिडिओ कॉल

बाप पुण्याला कंपनीत, किंवा आई-बाप ऊसतोडीच्या टोळीसोबत फडावर आणि लेकरू आजीजवळ, हे मराठवाड्यात घरोघरी आहे. या लेकरांसाठी कॉल महत्त्वाचा आहे, आणि तो नीट केला तर बाळाला समोरचं माणूस भेटतं.

फोन हातात न धरता डब्याला टेकवा, बाळापासून हातभर लांब. पलीकडच्याने उजेडाकडे तोंड करून बसावं. पाठीमागे ऊन असेल तर चेहरा नुसता काळा दिसतो. एक वाक्य बोलून थांबावं. रेंज कमी असली की आवाज दोन-तीन सेकंद उशिरा पोचतो आणि बाळाचा हुंकार तुमच्या पुढच्या वाक्याखाली दबतो. तिकडून बाबा ‘गुदगुल्या’ म्हणाले की इकडे आजीने पोटाला गुदगुल्या कराव्यात. आवाज आणि स्पर्श एकत्र आला की पडद्यावरचा चेहरा खरा होतो. तीन ते पाच मिनिटं पुरतात. चित्र अडकून चेहरा गोठला तर कॉल लगेच कापा आणि परत लावा, कारण बोलता-बोलता निश्चल झालेल्या चेहऱ्याने तीन-चार महिन्यांचं बाळसुद्धा अस्वस्थ होतं. कॉल संपताना ‘टाटा’ म्हणून फोन नजरेआड ठेवा, नाहीतर तो परत मागितला जातो.

दोन वर्षांनंतर: पेनड्राइव्ह

यात १२ चित्रफिती आहेत, प्रत्येकी चार-पाच मिनिटांच्या: लोट्यातून पाणी ओतणं, ज्वारी पाखडणं, कापूस वेचणं, भाकरी थापणं, शेळीचं पिल्लू, आणि अशाच. एकही दृश्य आठ सेकंदांच्या आत बदलत नाही, मागे सतत संगीत नाही, उजेडाची उघडझाप कुठेच नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं चित्र फिट येण्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाला अपाय करू शकतं, आणि इंटरनेटवरच्या काही व्हिडिओंत तसली लखलख असते.

मोबाइलवर नको, टीव्हीवर लावा. ३२ इंची टीव्ही असेल तर लेकराला दोन मीटर लांब, पडदा त्याच्या नजरेच्या उंचीवर. चित्राची मांडणी ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘स्टँडर्ड’ करा. आवाज तुमच्या साध्या बोलण्यापेक्षा वर नको. खोलीत दिवा चालू ठेवा. ‘रिपीट’ आणि आपोआप पुढचं लागणं बंद करा. हे बरेच जण विसरतात आणि मग पाच मिनिटांची तासभर होते.

एक चित्रफीत, शेजारी एक मोठं माणूस. मध्येच बोट दाखवा, विचारा: ‘पाणी कुठं गेलं?’ उत्तराला वेळ द्या. संपली की तेच हाताने करू द्या: दोन लोटे, थोडं पाणी, अंगणात. हे केलं नाही तर चित्रफितीचा फारसा उपयोग नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. झोपण्याआधीच्या तासात काहीच लावू नका. दिवसाचा एक तास हा सगळ्या पडद्यांचा मिळून आहे. दादाच्या मोबाइलवर डोकावणंही त्यातच मोजा.

टीव्हीने ‘फाइल सपोर्ट होत नाही’ दाखवलं तर पेनड्राइव्ह काढून टीव्ही मेन स्विचने बंद-चालू करा आणि दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून बघा. तरी न चालल्यास घेऊन या, बदलून देऊ. चालू असताना उपसू नका. लाइट गेली तर आधी पेनड्राइव्ह काढा, लाइट आल्यावर पाच मिनिटांनी लावा. परत येताना दाब वर-खाली होतो. टोपण तोंडात जाण्याएवढं लहान आहे, ते पहिल्याच दिवशी फेकून द्या.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा. दोन महिने आधी आलेलं बाळ चार महिन्यांचं झालं तरी कार्डं दोन महिन्यांच्या हिशोबाने. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी, आणि अगदी लवकर जन्मलेल्यांची त्याहून आधी. दवाखान्यातून सुट्टी देताना कुणी सांगितलं नसेल तर स्वतः विचारा. उशीर झाला तर गेलेली नजर परत आणता येत नाही.

दोन महिने होऊनही बाळ नजरेला नजर देत नाही, तीन महिन्यांत कार्डामागे डोळे फिरत नाहीत, बुबुळं सतत थरथरतात, चार महिन्यांनंतरही तिरळेपणा दिसतो, यांपैकी काही दिसलं तर कार्डांचा सराव वाढवत बसू नका, नेत्रतज्ज्ञांना दाखवा. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात जा. वर्षाचं होऊन नावाला वळत नसेल, दीड वर्षात बोट दाखवत नसेल किंवा एकही शब्द नसेल, तर ‘मोबाइलमुळे झालं असेल’ म्हणून नुसता मोबाइल बंद करून थांबू नका. कान आणि विकास दोन्ही तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारा, जाताना लसीकरणाचं कार्ड आणि सुट्टीचे कागद सोबत ठेवा.