गोळी स्वस्त झाली म्हणजे डुप्लिकेट नव्हे
(शुगरच्या नेहमीच्या ग्राहकांसाठी)

“साठची गोळी दहा रुपयांत कशी काय?” काउंटरवर रोज कुणीतरी विचारतंच, म्हणून हे पत्रक.

ही गोळी म्हणजे शुगरचं औषध एम्पाग्लिफ्लोझिन. तिचं भारतातलं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. पेटंट २० वर्षांचं. तोवर मूळ कंपनी आणि तिने मुभा दिलेल्या कंपन्या सोडून कुणाला ते विकता येत नव्हतं. मुदत संपली आणि लगेच ढीगभर कंपन्यांच्या स्ट्रिपा आल्या. इतक्या लगेच कशा? पेटंट कायद्याचं कलम १०७-अ मुदत चालू असतानाच इतरांना चाचण्या आणि सरकारी परवानगीची तयारी करू देतं. विक्री मात्र नंतरच. सिटाग्लिप्टिन या शुगरच्याच गोळीचं २०२२ मध्ये असंच झालं. आज त्या गोळीला कुणी नावं ठेवत नाही.

शोध लावणाऱ्याचे पैसे वसूल व्हावेत, याबद्दल दुमत नाही. पण जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून पुन्हा २० वर्षं मागितली, तर कलम ३(ड) आडवं येतं. ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाचा दावा सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये त्यावरच फेटाळला. बरंच झालं म्हणायचं.

आता आमचं गाऱ्हाणं. कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा दाखवून “हीच द्या, पण स्वस्तातली” म्हणू नका. एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी १० आणि २५ मिलिग्रॅममध्ये येते. मेटफॉर्मिन किंवा लिनाग्लिप्टिन ही शुगरची दुसरी औषधं घातलेली आणखी वेगळी. नाव जवळपास तेच, शेवटी फक्त ‘एम’ किंवा ‘एल’, आणि नेमकं तेच अक्षर कापून गेलेलं असतं. मग घरी गेल्यावर शंका, संध्याकाळी परत फेरी, बिलाची फाडाफाड आणि मागे रांग.

दुसरं, चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव असेल तर दुसरीची गोळी आम्ही परस्पर देत नाही. नियमात बसत नाही. “पलीकडचे देतात” असं ऐकवलं जातं; देत असतील. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव लिहिलं, की प्रश्न मिटला. हवं तर पर्याय आणि त्यांचे भाव आम्ही कागदावर लिहून देतो, पुढच्या तपासणीला दाखवा.

तीन कंपन्यांचा माल कायम ठेवतो, पक्क्या बिलासह. महिन्याचं औषध एकदम घेतलंत तर घरपोच देऊ. येताना चिठ्ठी आणि संपलेली अख्खी स्ट्रिप, दोन्ही आणा.