पार्श्वभूमी: पुण्याची हद्द आणि रुग्णालयाची खाट

ससून हे पुण्यातले मोठे सरकारी रुग्णालय १८६७ सालचे. लष्कर भाग (कॅम्प), रेल्वे स्टेशन आणि पेठांच्या मध्ये ते उभे राहिले, आणि नंतरची बहुतेक मोठी रुग्णालयेही त्याच पट्ट्यात आली. पुढे नदीपलीकडे एरंडवण्यात.

शहर मात्र पूर्वेला आणि दक्षिणेला पसरत गेले. १९९७ मध्ये हद्दवाढ झाली, २०१७ मध्ये ११ गावे आली, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईच्याही पुढे गेली. या गावांत मिळकतकराची बिले पोहोचली, मोठे सरकारी रुग्णालय पोहोचले नाही.

त्यावर उपाय म्हणून नेहमी बोट दाखवले जाते ते धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयांतल्या राखीव खाटांकडे. न्यायालयाच्या आदेशातून आलेली ही योजना २००६ पासून लागू आहे: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. रुग्णालये म्हणतात, या रुग्णांसाठी बिलांतून बाजूला काढायचा दोन टक्के निधी पुरत नाही. रुग्णहक्कांसाठी झगडणारे म्हणतात, रिकाम्या खाटाही भरलेल्या सांगतात. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे भांडण चालू आहे ते पैशांवर आणि आकड्यांवर. खाट शहराच्या कोणत्या भागात आहे, हे कोणी विचारत नाही. टक्केवारी रुग्णालयातल्या खाटांवर काढतात, भोवतालच्या वस्तीवर नाही. म्हणजे जिथे ट्रस्टची रुग्णालये जास्त, तिथेच राखीव खाटाही जास्त. नऱ्हे, धनकवडीला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तेवढा दिलासा. हद्दीत नव्याने आलेल्या मांजरी किंवा होळकरवाडीच्या कुटुंबाने रेशनकार्ड, तहसीलदाराचा दाखला घेऊन शहर गाठायचे आणि नकार मिळाला की तीच रिक्षा पुढच्या दारात न्यायची. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यावे, हे योजनेतच आहे. तरी २०२५ मध्ये एका महिलेचा प्रसूतीनंतर मृत्यू झाला, आणि गर्भवती असताना तिच्याकडे मागितलेल्या अनामतीवरूनच शहरात संताप उसळला. योजना कागदावर पुरेशी आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये हद्दीत आली आणि २०२४ मध्ये वगळली गेली. करवाढीवरचा रोष हे त्यामागचे मोठे कारण. आता तिथे स्वतंत्र नगरपरिषद आहे. शहराचा कचरा डेपो हद्दवाढीच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे आणि आजही आहे. गंभीर आजाराच्या गरीब रुग्णाला मात्र अजूनही हडपसरमार्गे ससूनलाच आणावे लागते.